उठावकामाचा संच: हातोडी झकास, ठसे अर्धवट

तांब्याच्या पत्र्यावर हाताने उठावाची नक्षी काढायचा संच चार महिन्यांपूर्वी मागवला. बारा ठसे (पत्र्यावर टेकवून हातोडीने ठोकायच्या पोलादी कांड्या), एक हातोडी, राळ भरलेली जड लोखंडी वाटी, तिच्याखालची रबरी चकती आणि आठ पानांची पुस्तिका. तीस वर्षं लेथवर काढली आहेत, धातू माझ्या ओळखीचा. तरी नक्षीत काढायला घेतलेला पहिला मासा कल्ल्यापाशी फाटला.

हात चुकला असेल म्हणून दुसरा पत्रा घेतला. तोही तिथेच फाटला. मग रेघेचा ठसा भिंगाखाली धरला, तर धार छिन्नीसारखी! या ठशाने पत्रा कापायचा नसतो, दाबायचा असतो. तोंड गोलसर आणि गुळगुळीत हवं. उठाव काढायच्या ठशांवर ग्राइंडरचे ओरखडे तसेच, आणि ते दर ठोक्याला तांब्यावर उमटणार. दोन रविवार पॉलिश पेपर घासण्यात गेले. पोलाद मात्र चांगलं, पाणी देऊन नीट कडक केलेलं. आजवर एकाचंही तोंड बसलेलं नाही.

हातोडीबद्दल तक्रारच नाही. तोंड पसरट, दांडा मानेशी बारीक आणि लवचिक. ठोका पडला की आपणच उसळून वर येते, तासभर चालवली तरी मनगट भरून येत नाही.

राळ पत्रा घट्ट धरते, पण थंडीत ठिसूळ होऊन तिचे कपचे उडायचे. थोडं जवसाचं तेल मिसळल्यावर वळणावर आली. एक धडा माझ्याच चुकीचा: मागून उठाव काढून पत्रा उलटला, पण खालचा खळगा राळेने भरला नाही. वरून रेघ मारताच माशाचं पोट खचलं.

खरा राग पुस्तिकेवर. पत्रा तापवून नरम करायचा असतो, याबद्दल तिच्यात एक अक्षर नाही. ठोकून ठोकून तांबं ताठ होतं. आवाजही बदलतो, दबका होता तो खणखणीत येऊ लागतो. तेव्हा थांबायचं, पत्रा सोडवून राळ पुसायची, मंद उजेडात फिकट लाली दिसेपर्यंत तापवायचा आणि पाण्यात बुडवायचा. पोलाद असं बुडवलं की कडक होतं, तांबं मऊच राहतं. लेथवाल्याला हे पचायला वेळ लागला. माझ्या तिसऱ्या माशाला हे चार वेळा करावं लागलं. नवख्याला हे कोण सांगणार?

विक्रेत्याला सगळं कळवलं. उत्तर आलं, ‘पत्रा जाड घ्या.’ माझा पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा तांब्याचे पत्रे ठोकून घडवलाय, त्या पत्र्यांची जाडीसुद्धा सुमारे २.४ मिलिमीटरच आहे. माझा मासा वीतभर.