लेव्हेटिरासिटाम की लॅमोट्रिजिन? कॅव्हर्नोमा आणि फिट असलेल्यांसाठी

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये कॅव्हर्नोमा (मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांची नाजूक गाठ) किंवा एव्हीएम (मेंदूतल्या धमन्या-शिरांचा गुंता) आलंय, एक फिट येऊन गेलीय आणि डॉक्टर म्हणालेत की आता फिट रोखणारी गोळी सुरू करू, अशा माणसासाठी हे लिहितोय. आजार काय आहे हे एव्हाना तुम्हाला पाठ झालं असेल, त्यामुळे ते पुन्हा सविस्तर सांगत नाही. माझा कॅव्हर्नोमा मेंदूच्या डाव्या टेम्पोरल, म्हणजे कानाजवळच्या, भागात आहे. लेव्हेटिरासिटाम आणि लॅमोट्रिजिन, फिटच्या या दोन्ही गोळ्या मी घेऊन पाहिल्यात. मी डॉक्टर नाही, कोल्हापुरात महाद्वार रोडला कापडाचं दुकान चालवतो. माझा अनुभव एका माणसाचा आहे, तेवढंच वजन त्याला द्या.

आधी एक गोष्ट, कारण घरोघरी तीच चर्चा होते. "एकदाच तर आली, एवढ्यासाठी रोज गोळी कशाला?" नुसता कॅव्हर्नोमा सापडला, फिट कधीच आली नाही, तर धोका खरंच कमी असतो. स्कॉटलंडमध्ये अशा रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २०११ साली आकडे छापले गेले. लक्षण नसताना योगायोगाने सापडलेल्या कॅव्हर्नोमात पाच वर्षांत पहिली फिट येण्याची शक्यता ४ टक्के, एव्हीएममध्ये ८ टक्के. एव्हीएममधून रक्तस्राव झाला असेल किंवा हातापायावर परिणाम झाला असेल, तर २३ टक्के. पण एक फिट येऊन गेली की चित्रच पालटतं. पुढच्या पाच वर्षांत अपस्माराचं, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराचं, निदान होण्याची शक्यता एव्हीएममध्ये ५८ टक्के आणि कॅव्हर्नोमात ९४ टक्के निघाली. कॅव्हर्नोमातून थोडं थोडं रक्त झिरपत राहतं, त्यातलं लोह भोवतालच्या मेंदूत साचतं आणि तिथल्या पेशी चिडतात. एमआरआयमध्ये काळी कड दिसते ती हीच. हे आकडे वाचल्यावर गोळी घ्यायची की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता संपला. उरला तो कुठली घ्यायची एवढाच.

लेव्हेटिरासिटामच्या बाजूने बोलायला खूप आहे, आणि बहुतेकांना आधी तीच का मिळते हेही त्यातून कळतं. पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल असा डोस देता येतो. इतर औषधांशी तिचं फारसं भांडण नाही, त्यामुळे बीपीच्या, साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला सोयीची. शिरेतूनही देता येते, म्हणून नुकताच रक्तस्राव झालेला असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टर तिच्याकडेच वळणार, आणि ते योग्यच आहे. किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो, एवढं लक्षात ठेवायचं. माझ्या फिट तिने थांबवल्या. पोटातून काहीतरी वर चढतंय असं वाटून क्षणभर सगळं लांब जायचं, ते बंद झालं.

मग बदलली का? चिडचिडीमुळे.

ही चिडचिड कशी असते ते नीट सांगतो, कारण गोळीच्या कागदावर तो एकच शब्द असतो. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक वीस साड्या उलगडायला लावतं आणि "पुन्हा येतो" म्हणून उठतं. त्याचं आम्हाला काही वाटत नाही, हसून घड्या घालायच्या. गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी मला ते सोसेना. एक बाई काठ-पदराचा रंग परत परत विचारत होत्या, आणि माझ्या हातातली मीटरपट्टी काउंटरवर आपटली गेली. रागाला कारण नव्हतं. तो खालून उसळून यायचा, आणि गेल्यावर वाटायचं की हा मी नव्हेच. घरी मुलीने टीव्हीचा आवाज वाढवला तरी तेच. बायको म्हणाली, "अहो, गोळी सुरू झाल्यापासनं तुम्ही लई चिडायलाय." मला वाटत होतं आजारपणाच्या काळजीने होतंय. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांना नवल वाटलं नाही; हा या गोळीचा ओळखीचा परिणाम आहे. त्यांनी बी६ जीवनसत्त्व देऊन पाहिलं. थोडा उतार वाटला, पण दुकानात उभं राहण्याइतका नाही.

सगळ्यांना हे होत नाही. माझ्या ओळखीतले एक शिक्षक तीच गोळी घेतात आणि शांत आहेत. पण पूर्वी नैराश्य आलेलं असेल, स्वभाव मुळात तापट असेल, किंवा दिवसभर माणसांशी बोलायचं काम असेल, तर सुरुवातीलाच डॉक्टरांशी हा विषय काढा.

लॅमोट्रिजिनचा त्रास वेगळ्या जातीचा, तो सुरुवातीला होतो. डोस फार हळू चढवावा लागतो. साधारणपणे २५ मिलिग्रॅमने सुरुवात, दोन आठवड्यांनी ५०, मग पुढे. पूर्ण डोसला पोहोचायला दीड-दोन महिने सहज जातात. घाई केली तर अंगावर पुरळ उठण्याचा धोका वाढतो, आणि क्वचित ते जिवावर बेतू शकतं. पुरळ दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. व्हॅल्प्रोएट हे फिटचंच दुसरं औषध चालू असेल तर लॅमोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण जवळपास दुप्पट होतं, म्हणून सुरुवात निम्म्याने. पाच दिवसांहून जास्त खंड पडला तर डॉक्टर बहुधा पुन्हा तळापासून चढवायला सांगतात. मी दुकानातल्या कॅलेंडरवर कुठल्या तारखेपासून किती गोळ्या ते लाल पेनने लिहून ठेवलं होतं. तोवर लेव्हेटिरासिटाम चालूच होती, नंतर ती हळूहळू कमी केली. पहिले काही दिवस झोपेत विचित्र स्वप्नं पडली, तेवढंच.

त्यानंतर मात्र गोळी घेतोय हे जाणवत नाही. फिट तितक्याच आटोक्यात आहेत, आणि गिऱ्हाइकासमोर मी पूर्वीचा मी आहे. ब्रिटनमध्ये ९९० जणांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो कॅव्हर्नोमापुरता नव्हता, मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या फिट्सचा होता. त्यात लेव्हेटिरासिटाम लॅमोट्रिजिनची बरोबरी करते हे सिद्ध झालं नाही, आणि दुष्परिणाम शंभरातल्या ४४ जणांना झाले. लॅमोट्रिजिनवर ३३ जणांना. माझा कौल आधीच पडला होता, तरी वाचून बरं वाटलं.

बाईमाणसांसाठी एक गोष्ट वेगळी. गरोदरपणात या दोन्ही गोळ्या व्हॅल्प्रोएटपेक्षा कितीतरी सुरक्षित मानल्या जातात. पण लॅमोट्रिजिनचं प्रमाण गरोदरपणात आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी खाली येतं, डोस पाहावा लागतो. गरोदरपणात लेव्हेटिरासिटामचंही प्रमाण खाली येतं, त्यामुळे तेव्हा देखरेख दोन्हींना लागते; गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर मात्र लेव्हेटिरासिटाम सोपी पडेल.

रक्तस्राव होण्याचा धोका या दोन्हींपैकी कुठल्याच गोळीने कमी होत नाही, गाठ लहान होत नाही. ऑपरेशन करायचं का, हा हिशेब न्यूरोसर्जनबरोबर वेगळा मांडावा लागतो. जागरण दोन्हीवर सारखंच वाईट. नवरात्रात आणि दिवाळीत दुकान कितीही चालू असलं तरी मी वेळेवर घरी जातो. पंचगंगेला पोहणं एकट्याने तर नाहीच.

तुम्हाला लगेच संरक्षण हवं असेल तर लेव्हेटिरासिटामने सुरुवात करा, त्यात काही वावगं नाही. हाताशी दोन महिने असतील आणि दिवस माणसांत जात असेल, तर मी लॅमोट्रिजिनबद्दल विचारेन. आणि लेव्हेटिरासिटाम सुरू केलीत, तर महिनाभराने डॉक्टरांकडे जाताना घरचं माणूस बरोबर न्या आणि चिडचिडीबद्दल त्यालाच बोलू द्या. आपल्याला ती शेवटी दिसते.