लंडन ॲक्वॅटिक्स सेंटर: ऑलिंपिकनंतरही रोज भरणारा तलाव

ऑलिंपिकसाठी बांधलेला तलाव नंतर ओस पडतो, हे अथेन्सने दाखवलं. पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डचा हा तलाव मात्र चालतो, कारण 'नंतर काय' हे नकाशातच ठरलं होतं. 2012 च्या स्पर्धेत 17,500 जागा होत्या. त्यातल्या 15,000 दोन्ही बाजूंच्या तात्पुरत्या पंखांत, म्हणजे इमारतीला बाहेरून जोडलेल्या प्रेक्षकगॅलऱ्यांत. स्पर्धा संपल्यावर पंख उतरवले, तिथे काचा बसवल्या आणि मार्च 2014 मध्ये तलाव सर्वांसाठी खुला केला.

खरी करामत पाण्याखाली आहे. 50 मीटरचे दोन तलाव, शिवाय उड्यांसाठी 25 मीटरचा वेगळा. लांब तलावांचा तळ वरखाली होतो, त्यामुळे सकाळी जिथे क्लबची पोरं सराव करतात, तिथेच नंतर लहानग्यांचा वर्ग भरतो. सरकती आडवी भिंत मध्ये आणली की एका तलावाचे दोन होतात. अशी सोय करायची तर भिंतीच्या जाडीइतकी लांबी हौदात आधीच वाढवावी लागते. नंतर आठवलं तर 50 मीटर पुरे पडत नाहीत.

खोट छपरात. वास्तुरचनाकार झाहा हदीद यांचं ते लाटेसारखं पोलादी छप्पर फक्त तीन ठिकाणी टेकलंय. दिसतं देखणं, पण मध्ये खाली झुकल्यामुळे स्पर्धेत वरच्या काही रांगांना 10 मीटर उंचीवरून उडी मारायचा मंचच दिसेना. खर्चही सुमारे 26.9 कोटी पौंडांवर गेला. त्यातले बरेच पैसे छपराने खाल्ले, पोहणाऱ्यांच्या वाट्याला ते आले नाहीत.

साधं पोहायला जायचं असेल तर वेळापत्रक आधी बघा. शर्यती असल्या की मुख्य तलाव बंद असतो.