वर्कशॉपमधल्या यंत्रांना चाकं लावली, त्याला आठ महिने झाले

माझं सुतारकामाचं वर्कशॉप म्हणजे १० बाय १४ फुटांची एक खोली. त्यात १० इंची टेबल सॉ (टेबलातून गोल पातं वर आलेली करवत), १४ इंची बँड सॉ (वरखालच्या दोन चाकांवर पट्टीसारखं पातं फिरणारी उभी करवत) आणि ६ इंची जॉइंटर (फळीची कड सरळ रंधणारं यंत्र). आठ फुटी फळी उभी चिरायची तर पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट मोकळं लागतं. चौदा फुटांत हे बसत नाही. म्हणून टेबल सॉ दाराच्या रेषेत आणायचा, दार सताड उघडायचं आणि फळीचं टोक बाहेर जाऊ द्यायचं. काम झालं की सॉ पुन्हा भिंतीला. आधी हे सगळं एकेक कोपरा उचलून, यंत्र "चालवत" करत होतो. फरशीवर ओरखडे उठले, स्टँडचा एक पाय वाकला, तेव्हा चाकांचं मनावर घेतलं.

पहिला प्रयोग टेबल सॉवर केला. जाड प्लायचा दुहेरी पाया आणि चार कोपऱ्यांना चार फिरती, म्हणजे हव्या त्या दिशेला वळणारी चाकं, प्रत्येकाला ब्रेक. चाकं निवडताना एक हिशेब उपयोगी पडला: यंत्राचं वजन चाराने नाही, तीनाने भागायचं. फरशी कधीच पुरती सपाट नसते, एखादं चाक अधांतरी राहतं आणि भार उरलेल्या तिघांवर येतो. माझा सॉ पायासकट १२० किलोच्या आसपास, म्हणजे चाकामागे ४० किलो. उंबरठ्याचे हिसके धरून मी ७० किलोची घेतली. या बाबतीत आजवर तक्रार नाही.

तक्रार त्या चाकांच्या रबराची आहे. सॉ एकाच जागी आठवडेच्या आठवडे उभा राहिला की रबर खालून चपटं होतं. दोन महिन्यांनी ढकलताना दर फेऱ्याला ठक ठक ऐकू यायला लागलं. बदलून १०० मिलिमीटरची पॉलियुरेथेनची (टणक प्लास्टिकची) चाकं लावली. चाक मोठं असलं की वायर, लाकडाची चिपटी, फरशीची सांध हे सगळं ते सहज ओलांडतं. मोठी चाकं पायाच्या खाली लावली असती तर टेबल छातीशी आलं असतं, म्हणून ती बाजूला लोखंडी कोनपट्टीवर बसवली. उंची जेमतेम दोन सेंटिमीटर वाढली.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. चाकं फिरतात कशी हे सगळे बघतात. यंत्र थांबल्यावर उभं कसं राहतं हे मीही आधी बघितलं नव्हतं. माझ्या चाकांचे ब्रेक फक्त चाक धरत होते, चाकाला दिशा बदलू देणारं वरचं फिरतं बेअरिंग मोकळंच. सागाची जड फळी ढकलली की अख्खा सॉ बोटभर सरकायचा. चालू पात्यासमोर ही गोष्ट फार वाईट आहे. सॉ सरकला की फळी तिरकी होते, पात्याच्या मागच्या बाजूला अडकते आणि जोरात अंगावर उलटी येते. एकदा फळी थरथरल्याचं हाताला जाणवलं आणि त्याच दिवशी मी तो पाया काढून टाकला.

तिथे आता पेडलचा पाया आहे. पेडल दाबलं की चाकं खाली येऊन सॉ उचलला जातो, सोडलं की चाकं अधांतरी होतात आणि सॉ रबरी पायांवर बसतो. सहा महिने रोज वापरतोय. ढकलून बघा, हलत नाही. टेबल सॉ आणि बँड सॉ दोन्हींसाठी मी हाच पाया घ्यायला सांगेन.

बँड सॉबद्दल मात्र जरा सावध राहा. त्याचं वजन वरच्या भागात असतं आणि बूड अरुंद. एकदा मी तो वरच्या चाकाच्या डब्याला हात लावून ढकलत होतो. पुढचं चाक करंगळीएवढ्या चिपटीला अडलं आणि अख्खा सॉ पुढे झुकला. सावरला, पण ते दोन सेकंद अजून आठवतात. आता आधी झाडू, मग पेडल. कंबरेच्या खाली धरून, हळू. टेबलाला धरून तर कधीच ओढत नाही, कारण ते तिरकं करता येणारं टेबल खालच्या छोट्या आधारावर बसलेलं असतं, ओढाताणीत त्याचा कोन बिघडतो.

यंत्र चाकांच्या पायावर चढवताना दोघं जण लागतातच. पहारीने एक बाजू बोटभर उचलायची, लाकडी ठोकळा सरकवायचा, मग दुसरी बाजू. असं थरावर थर रचत चढत जायचं. हात यंत्राखाली घालायचा नाही, ठोकळा काठीने ढकलायचा.

जॉइंटरला एका टोकाला दोन पक्की, न वळणारी चाकं आहेत, दुसरं टोक दांड्याने उचलून ढकलगाडीसारखं नेतो. सोपं आहे. पण फरशी उंचसखल असेल तर स्टँडला किंचित पीळ बसतो आणि दोन्ही टेबलं एका पातळीत राहत नाहीत. फळीच्या कडा सांधताना मधे फट दिसायला लागली तेव्हा हे उमगलं. आता त्याची जागा खडूने आखून ठेवली आहे, डाव्या मागच्या पायाखाली पत्र्याची पाचर जाते, आणि लांब पट्टी टेबलांवर आडवी धरून उजेड दिसत नाही ना ते बघितल्याशिवाय मी स्विच लावत नाही.