लहान मुलं, आजी-आजोबा आणि बिअरचा ग्लास: एपकॉट की मॅजिक किंगडम?

उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतातून आई-वडील यायचे ठरले की फ्लोरिडात राहणाऱ्या आमच्यासारख्यांना एक प्रश्न हमखास येतो. डिस्नी वर्ल्डसाठी एकच दिवस हाताशी आहे, मग त्यातल्या मॅजिक किंगडम या पार्कला जावं की एपकॉट या दुसऱ्या पार्कला? राइड्स, ॲप, पार्किंग, रांगा टाळायचे पास यांबद्दल हवी तेवढी माहिती मिळते, म्हणून त्यात शिरत नाही. मी एकाच अंगाने ही तुलना करतोय. आपल्याकडची मंडळी त्याबद्दल विचारतात खरी, पण जरा हळू आवाजात: तिथे दारू मिळते ना? मग लहान मुलं आणि वयस्कर माणसं घेऊन फिरताना त्याचा त्रास होतो का?

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. मला दारूचं वावडं नाही. शनिवारी मित्रांबरोबर बिअर होते आणि बाबांनाही ते ठाऊक आहे. म्हणजे 'दारू म्हटलं की नकोच' अशा विचाराने मी हे लिहीत नाहीये. तरीही घरचे सगळे बरोबर असले की माझं मन आता एका बाजूला झुकतं, आणि त्याचं कारण पिऊन गोंधळ घालणारे लोक नाहीत.

एपकॉट 1982 साली उघडलं तेव्हापासून तिथे दारू आहे. वर्ल्ड शोकेस या भागात मोठ्या तळ्याभोवती 11 देशांची पॅव्हेलियन्स, म्हणजे त्या त्या देशाच्या धर्तीवर बांधलेले विभाग, आहेत (भारताचं नाही, आणि आईला दर वेळी त्याचं वाईट वाटतं). सगळा फेरा साधारण दोन किलोमीटरचा. मेक्सिकोत मार्गारिटा, जर्मनीत बिअर, जपानमध्ये साके, फ्रान्समध्ये वाइन. टपरीवर ग्लास घ्यायचा आणि हातात धरून पुढच्या देशाकडे चालू लागायचं. मॅजिक किंगडमचं उलट. ते उघडलं 1971 साली, आणि त्यानंतर चाळीसेक वर्षं तिथे पाहुण्यांना थेंबही मिळत नव्हता. नोव्हेंबर 2012 मध्ये 'बी अवर गेस्ट' या नव्या रेस्तराँत रात्रीच्या जेवणाबरोबर बिअर आणि वाइन सुरू झाली, डिसेंबर 2016 मध्ये आणखी चार ठिकाणी, आणि 2018 पासून टेबलवर बसून जेवायच्या सगळ्या रेस्तराँत. 2025 मध्ये तर समुद्री चाच्यांच्या थीमचा एक बारही आला. पण एक गोष्ट अजून बदललेली नाही. तिथे बसूनच प्यायचं, ग्लास दाराबाहेर न्यायचा नाही. रस्त्यावरच्या गाड्यांवर बिअर मिळत नाही.

दारू दोन्हीकडे मिळते. फरक आहे तो ती कुठे प्यायची याचा. पहिल्यांदा ऐकताना हा फरक किरकोळ वाटतो.

एपकॉटवर अन्याय नको म्हणून त्याची बाजू आधी. बाबा तिथे रमतात. ते सिव्हिल इंजिनिअर, निवृत्त. मोरोक्कोच्या पॅव्हेलियनमधलं फरश्यांचं काम करायला तिथल्या राजाने आपले कारागीर पाठवले होते, हे त्यांना कुठूनतरी कळलं आणि मग त्या भिंतीसमोरून ते हलेनात. एकेक तुकडा हाताने फोडून बसवलेला, दोन तुकड्यांच्या मधली फट बोटाला जाणवत नाही, कोपऱ्यात नक्षी कशी वळवलीय बघ, असं मला बोट धरून दाखवत होते. मॅजिक किंगडममध्ये त्यांना असं काही सापडत नाही. तिथे ते आमच्या बॅगा सांभाळत बसतात. गुडघे दुखणाऱ्या आणि राइडमध्ये बसायचं नसलेल्या माणसासाठी एपकॉट खरोखर चांगलं आहे.

पिणाऱ्यांबद्दलही खरं सांगायला हवं. एका बिअरला 10-12 डॉलर मोजावे लागतात, ओळखपत्र बघितल्याशिवाय देत नाहीत, त्यामुळे झिंगलेला माणूस मला तिथे क्वचितच दिसलाय. ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर खाण्यापिण्याचा महोत्सव असतो. तेव्हा शनिवारी संध्याकाळी एकसारखे टी-शर्ट घातलेले मित्रमैत्रिणींचे घोळके अकरा देशांत अकरा पेयं घ्यायच्या मोहिमेवर निघतात. आवाज असतो, हसणं-खिदळणं असतं. पण स्ट्रोलर आली की बाजूला होतात, आई-बाबांना वाट देतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझं मत बदललं ते वेगळ्याच एका पार्कमध्ये. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ग्लास हातात घेऊन फिरायची मुभा आहे अशा कुठल्याही ठिकाणी हे घडू शकलं असतं. दुपारचं ऊन, दमट हवा. मुलगी चार वर्षांची. तिला एका गाडीवरून लिंबाचं स्लश घेऊन दिलं. पारदर्शक ग्लास, त्यात फिकट पिवळा बर्फाचा चुरा, वर कागदी स्ट्रॉ. गोळ्यासारखं ते, आजीलाही आवडलं. थोडं खाऊन मुलीने ते शेजारच्या बुटक्या कठड्यावर ठेवलं आणि पाण्याच्या कारंज्याकडे पळाली. आम्ही तिच्या मागे. परत आलो तेव्हा आईने ग्लास उचलून तिच्या हातात दिला. "घे गं पटकन, वितळायला लागलंय."

मुलीने एक मोठा घोट ओढला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "आजी, कडू आहे."

तिचा ग्लास दीड हातावर होता. हा दुसरा कोणीतरी अर्धा पिऊन ठेवून गेलेला. त्याच गाडीवरचा, त्याच मापाचा, त्याच रंगाचा, तसाच स्ट्रॉ. फक्त त्यात व्होडका होती. मी वास घेऊन पाहिला तर नाकाला धड कळेना, इतकं ते गार होतं. चव घेतली तेव्हा कळलं. एका घोटाने मुलीला काही झालं नाही, तोंड धुऊन ती पाच मिनिटांत खेळायला लागली. आईचं मात्र तसं नव्हतं. रात्री हॉटेलवर तिने वरण-भाताचं पाकीट गरम केलं, सगळ्यांना वाढलं आणि स्वतः दोन घास खाऊन उठली. "मी माझ्या हाताने दिलं रे तिला," एवढंच म्हणाली. मी कितीदा समजावलं की दोन ग्लासांत काडीचाही फरक नव्हता, मीसुद्धा तेच केलं असतं. तिला ते पटलं नाही.

त्या दिवसापासून दारू हातात घेऊन फिरता येतं अशा पार्कमध्ये माझं लक्ष माणसांपेक्षा ग्लासांकडे जास्त असतं. एकदा बघायला लागलात की ते सगळीकडे दिसतात. रांगेच्या खांबांवर, कुंड्यांच्या कडेला, बाकाखाली, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. राइडमध्ये ग्लास नेता येत नाही म्हणून लोक आत शिरताना तो सापडेल त्या सपाट जागेवर ठेवतात. सफाईवाले सतत फिरत असतात, त्यांना दोष नाही. पण दोन फेऱ्यांच्या मधली दहा मिनिटं चार वर्षांच्या मुलाला पुष्कळ होतात. 21 वर्षांची अट, ओळखपत्र, सगळी तपासणी ग्लास विकताना होते. विकल्यावर तो कुठे जातो हे कोणी बघत नाही. बघणार तरी कसं?

म्हणूनच मॅजिक किंगडमची पद्धत मला आता शहाणपणाची वाटते. त्या पार्कचे त्रास मला माहीत आहेत. गर्दी जास्त, सावली कमी, पार्किंगपासून दारापर्यंत मोनोरेल नाहीतर बोट, बाबांचा कंटाळा. तरीही तिथे मुलीच्या हातात कोणाचाही ग्लास आला तरी पोटात गोळा येत नाही. फार तर तो उष्टा निघेल. आईसुद्धा तिथे मोकळी असते, स्वतः उठून नातीला काही घेऊन येते. आणि मला बिअर हवीच असेल तर जेवताना घेता येते.

डिस्नीच्या पार्कांचा इतिहास पाहिला तर हा गुंता जुनाच आहे. वॉल्ट डिस्नी स्वतः संध्याकाळी स्कॉच घेणारा माणूस. पण 1955 साली कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला डिस्नीलँड उघडताना त्याने दारू बाहेर ठेवली, कारण दारूमागे येणारी हुल्लड त्याला आपल्या पार्कात नको होती. आपल्या मुली मेरी-गो-राउंडवर फिरताहेत आणि आपण बाकावर बसून शेंगदाणे खातोय, यातून त्याला पार्कची कल्पना सुचली असं तो सांगत असे. मुलांनी आणि आई-वडिलांनी एकत्र रमावं असं ठिकाण त्याला हवं होतं. त्याच काळात आमच्या टॅम्पामध्ये नेमकं उलटं घडलं. 1959 साली उघडलेलं बुश गार्डन्स मुळात बिअरच्या कारखान्याचं अंगण होतं. पक्षी बघायचे आणि फुकट बिअर चाखायची. आज तेही कुटुंबांचंच पार्क आहे. म्हणजे दारू मिळाली की कुटुंबं येत नाहीत, असंही म्हणता येत नाही.

पॅरिसचं उदाहरण तर बंदीच्या विरोधातच जातं. तिथलं डिस्नी पार्क 1992 साली दारूबंदीसह उघडलं. दुपारच्या जेवणाबरोबर वाइन नाही ही गोष्ट फ्रेंच माणसाला पचण्यासारखी नव्हती. पुढच्याच वर्षी बंदी उठली. पण उठवली ती रेस्तराँमध्ये, जेवणाच्या टेबलावर, हे मला महत्त्वाचं वाटतं. टोकियोतही पहिल्या, 1983 च्या पार्कमध्ये दारू नव्हती आणि 2001 साली शेजारी आलेल्या डिस्नीसीमध्ये होती. पहिल्यातही 2020 मध्ये काही रेस्तराँत ती आलीच. ॲनाहाइमच्या मूळ डिस्नीलँडमध्ये सर्वसामान्य पाहुण्यांना 2019 साली पहिल्यांदा दारू मिळाली, तीही 'स्टार वॉर्स'च्या भागातल्या एका बारमध्ये, आतच प्यायची. पूर्ण बंदी जवळपास कुठेच टिकली नाही, आणि ती टिकायला हवी होती असं मला वाटतही नाही.

पूर्ण कोरडं पार्क हवं असणाऱ्यांचं म्हणणंही मी समजू शकतो. टेनेसीतल्या डॉलीवूड या पार्कमध्ये दारू मिळत नाही आणि लोक आनंदाने जातात. पण आत मिळाली नाही की काही जण पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून सुरुवात करतात आणि मग आत येतात. पावसाळ्यात लोणावळ्याला भुशी धरणावर कुटुंबासह गेलेल्या कोणाला हे वेगळं सांगायला नको. तिथे ना वयाची अट, ना ग्लासाचा हिशोब. त्यापेक्षा टेबलावर, जेवणाबरोबर, ओळखपत्र बघून दिलेली दारू केव्हाही बरी. कुटुंबासाठी असलेल्या पार्कने दारू द्यावी की नाही असं मला विचाराल तर मी म्हणेन, द्यावी. पण बसवून द्यावी, आणि मुलांच्या सरबतासारख्या ग्लासात तर मुळीच देऊ नये. निदान ग्लासाचा रंग तरी वेगळा असावा. त्याला खर्च असा तो किती येणार!

आता प्रत्यक्ष निवड. मुलं दहा-बाराच्या पुढची असतील, किंवा फक्त मोठी माणसं असाल, तर माझी अडचण तुम्हाला लागू होत नाही. एपकॉटला खुशाल जा, तिथलं जेवणही सरस आहे. पाळण्यातलं बाळ असेल तरी फारसं बिघडत नाही, ते स्ट्रोलरमध्येच असतं. प्रश्न आहे तो साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलांचा, ज्यांना पळता येतं, हाताला लागेल ते उचलता येतं, पण वाचता येत नाही. त्यात आजी-आजोबा बरोबर असतील आणि मुलांचं खाणंपिणं तेच बघत असतील, तर माझा कल मॅजिक किंगडमकडे आहे. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

एपकॉटच करायचं असेल तर शनिवार-रविवार आणि महोत्सवाच्या संध्याकाळी टाळा. वर्ल्ड शोकेस सकाळी अकराला उघडतं. पहिले दोन-तीन तास तिथे निवांतपणा असतो, हातात ग्लास घेतलेले लोकही कमी. मुलांसाठी झाकणाची आपली बाटली घेऊन जा आणि गाडीवरचं काहीही त्याच बाटलीत ओतून द्या. आम्ही आता सगळीकडे हेच करतो. तुमच्या पाहुण्यांपैकी कोणाला वाइन घ्यायची असेल तर मूळ पासपोर्ट जवळ असू द्या. फोनमधला फोटो चालत नाही, केस कितीही पांढरे असले तरी.

आई-बाबा पुढच्या वर्षी पुन्हा येणार आहेत. बाबांना मोरोक्कोची ती भिंत परत बघायची आहे, तेव्हा मी त्यांना एखाद्या मंगळवारी सकाळी एकट्यांना एपकॉटला घेऊन जाईन. सगळ्यांच्या दिवसाचं तिकीट मॅजिक किंगडमचं काढणार आहे.