मुक्कामी निसर्गशिबिराआधी पालकांची तयारी: एक मोठी सभा की प्रत्येक घराशी स्वतंत्र बोलणे?

शाळेचे मुक्कामी निसर्गशिबिर ठरले की ठिकाण, वाहन, सोबतचे शिक्षक, प्रथमोपचाराची सोय ही कामे लगेच वाटून घेतली जातात. पालकांच्या तयारीचा विषय मात्र बहुतेक वेळा ‘एक सभा घेऊ’ एवढ्यावर मिटतो. तो तसा मिटवण्याआधी विचार करू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी आणि मुख्याध्यापकांसाठी येथे दोन मार्ग शेजारी शेजारी ठेवले आहेत. पहिला मार्ग सर्वांच्या परिचयाचा आहे: शिबिराच्या दोन-तीन आठवडे आधी एका संध्याकाळी सर्व पालकांना बोलावणे, कार्यक्रम समजावून सांगणे, सामानाची यादी देणे, शंकांना उत्तरे देणे आणि जाताना संमतिपत्र व आरोग्यपत्रक भरून घेणे. दुसऱ्या मार्गात सर्व माहिती पाच-सहा आठवडे आधी लेखी स्वरूपात घरी जाते, आरोग्यपत्रक भरून परत येते, शिक्षक ते वाचतात आणि मग प्रत्येक घराशी, प्रत्यक्ष किंवा फोनवर, पंधरा मिनिटे स्वतंत्र बोलतात.

दोन्ही मार्ग मी वापरले आहेत आणि त्यांची तुलना करताना माझी कसोटी एकच आहे. शाळेकडे पालकांना सांगण्यासारखे पुष्कळ असते, हे खरे. पण मुलाच्या रात्रीविषयी घराला जे माहीत असते त्यातले शाळेला काहीच माहीत नसते. वर्गशिक्षक मुलाला वर्षभर दिवसा पाहतात, झोपलेले कधीच पाहत नाहीत. म्हणून कोणत्या मार्गाने शाळेला अधिक कळते, हा प्रश्न मी आधी विचारते. पालकांना अधिक काय सांगता येते, हा नंतर.

माहिती कोणाकडे पोहोचते

सभेचे एक मोठे बळ मान्य केले पाहिजे. सर्वांना एकच गोष्ट, एकाच शब्दांत, एकाच वेळी ऐकू येते आणि एका पालकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो प्रश्न न सुचलेल्या दहा जणांच्या उपयोगी पडते. शिवाय रात्री मुलांसोबत जे शिक्षक असणार आहेत त्यांना पालक डोळ्यांनी पाहतात, त्यांचा आवाज ऐकतात. कोणत्याही छापील पत्रकाने येत नाही असा विश्वास त्यातून येतो.

परंतु सभेला कोण येत नाही, हेही पाहावे लागते. पाळीवर काम करणारे, एकट्याने मूल वाढवणारे, घरात तान्हे बाळ किंवा आजारी माणूस असणारे, शाळेच्या भाषेत बोलताना संकोचणारे पालक बहुधा गैरहजर राहतात. आणि घराबाहेर राहण्याचा अनुभव नसलेली मुले याही घरांत असतातच. गैरहजर पालकांना नंतर फक्त यादी मिळते, त्यामागचे स्पष्टीकरण मिळत नाही. लेखी माहिती सर्वांच्या घरी जाते, ती सवडीने वाचता येते, पुन्हा उघडून पाहता येते, दुसऱ्याला वाचून दाखवता येते. तिची मर्यादा अशी की ती वाचली गेली की नाही, हे कळत नाही. म्हणूनच दुसऱ्या मार्गात तिच्यामागोमाग बोलणे आवश्यक ठरते. नुसते पत्रक पाठवून थांबणे हा या दोन्हींपेक्षा कमकुवत मार्ग आहे आणि त्याचा विचार मी येथे करत नाही.

आरोग्य आणि रात्र

दोन मार्गांतला फरक येथे सर्वांत ठळक दिसतो, म्हणून येथे थोडे थांबून पाहू.

एका वर्षी आमची सभा दीड तास चालली. प्रश्न भरपूर आले: फोन न्यायचा का, किती कपडे द्यायचे, परत किती वाजता येणार. सभा संपल्यावर मी खुर्च्या आवरत होते, तेव्हा एक आई दाराशी घुटमळली आणि सगळे गेल्याची खात्री करून हळू आवाजात म्हणाली, “बाई, तो अजून कधीकधी अंथरूण ओलं करतो. सगळ्यांसमोर कसं विचारणार?” ती थांबली म्हणून आम्हाला कळले. त्या सभेतून न थांबता घरी गेलेल्यांपैकी आणखी कोणाला हेच विचारायचे होते, ते मला आजही माहीत नाही. दुसऱ्या मार्गाकडे मी वळले ती त्या संध्याकाळमुळे.

झोपेत अंथरूण ओले होणे मुळीच दुर्मीळ नाही. सात वर्षांच्या मुलांत त्याचे प्रमाण ५ ते १० टक्के असते आणि दहाव्या वर्षीही सुमारे ५ टक्के मुलांना हा त्रास असतो. त्या हिशेबाने दहा वर्षांच्या ६० मुलांच्या तुकडीत अशी दोन-तीन मुले असणारच, असे धरून चालावे. आधी कळले तर करण्यासारखे बरेच असते: झोपायची जागा दाराजवळ आणि शिक्षकांच्या जवळ ठेवता येते, ठरलेल्या वेळी कोणाच्या लक्षात न येता उठवता येते, सुक्या कपड्यांची पिशवी कोठे असेल हे मुलाला आधी दाखवता येते. अशा प्रसंगासाठी डॉक्टर कधीकधी डेस्मोप्रेसिन हे औषध देतात. ते लवकर परिणाम करते. परंतु ते घेण्याआधी एक तास आणि घेतल्यावर किमान आठ तास पाणी व इतर पेये अगदी मर्यादित ठेवावी लागतात, अन्यथा रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दिवसभर चालून आलेल्या मुलांना रात्री भरपूर पाणी पाजणाऱ्या शिक्षकाला हे ठाऊक असायलाच हवे. हे औषध घ्यायचे असेल तर त्याचा वापर घरी आधीच करून पाहावा लागतो, म्हणजे शिबिराच्या पुष्कळ आधी डॉक्टरांकडे जावे लागते. दोन आठवड्यांवर शिबिर आले असताना घेतलेली सभा त्यासाठी बहुधा उशिराची ठरते.

दम्याचे तसेच. ‘मुलाला काही आजार आहे का?’ या प्रश्नाला अनेक पालक प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहितात, कारण गेल्या सहा महिन्यांत मुलाला त्रास झालेला नसतो. पण थंड हवा आणि शेकोटीचा धूर ही दम्याची नेहमीची निमित्ते आहेत आणि शिबिरात ती दोन्ही एकाच संध्याकाळी येतात. ‘इन्हेलर शेवटचा कधी लागला, धुराने किंवा थंडीने खोकला होतो का, इन्हेलरला स्पेसर (औषध नीट आत जावे म्हणून जोडायची नळी) लावतो का’ असे विचारले की उत्तर बदलते. तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाकडे ॲड्रेनलिनचे ऑटो-इंजेक्टर (तातडीच्या वेळी लगेच टोचायचे तयार इंजेक्शन) असेल, तर ते दोन हवेत, त्यांची मुदत संपलेली नसावी, तापलेल्या गाडीत ते ठेवू नयेत आणि पायवाटेवर ते त्या मुलाच्या गटाबरोबरच असावेत. निवासाच्या कपाटात ठेवलेले इंजेक्शन दोन तास दूर असलेल्या मुलाच्या कामाचे नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला ते कसे द्यायचे, हे पालकाने सोबत जाणाऱ्या शिक्षकाला सरावाच्या उपकरणावर करून दाखवावे. झोपेत चालणे, पहिली मासिक पाळी याच सुमारास येण्याची शक्यता, नुकताच झालेला घरातला मृत्यू, अंधाराची भीती: यातले काहीही भरलेल्या सभागृहात कोणी उच्चारत नाही, आणि उच्चारावे अशी अपेक्षा करणेही योग्य नाही.

या मुद्द्यावर माझ्या मनात दोन्ही मार्गांची बरोबरी नाही. स्वतंत्र बोलणे निर्विवाद सरस आहे.

घराची आठवण आणि पालकांचे शब्द

येथे चित्र बदलते. घराची आठवण येणे हा अपवाद नाही, तो नियम आहे, हे पालकांना ठाऊक नसते. या विषयावर दीर्घकाळ काम केलेले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर थर्बर यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शिबिराला गेलेल्या ८ ते १६ वर्षांच्या मुलग्यांपैकी सुमारे ८३ टक्के जणांनी निदान एक दिवस तरी घराची आठवण आल्याचे सांगितले होते. २००७ साली थर्बर आणि एडवर्ड वॉल्टन यांनी अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेसाठी या विषयावर एक अहवाल लिहिला. शिबिराविषयीच्या निर्णयात मुलाला सहभागी करून घ्यावे, आधी घराबाहेर राहण्याचा सराव द्यावा, पालकांनी स्वतःची चिंता मुलापुढे फार बोलून दाखवू नये, असा सल्ला त्यात आहे. त्यातली एक सूचना पालकांना पुष्कळदा धक्का देते: ‘करमले नाही तर मी येऊन घेऊन जाईन’ असे वचन मुलाला देऊ नये. हे वचन प्रेमाने दिलेले असते. पण आपल्याला जमणार नाही असे घरच्यांनाच वाटते, असा अर्थ मूल त्यातून काढते आणि पहिल्या अवघड क्षणी सावरण्याऐवजी परतीची वाट पाहू लागते.

हा निरोप सर्व घरांसाठी सारखाच असल्यामुळे तो सभेत अधिक चांगला पोहोचतो. एका घराला फोनवर सांगितले तर ते दोष दाखवल्यासारखे वाटू शकते. सभागृहात शंभर जण एकत्र ऐकतात तेव्हा प्रत्येकाला दिलासा मिळतो की, आपले मूल वेगळे नाही आणि आपण चुकीचे पालक नाही. मात्र मुलांना या सभेतून वगळू नये. निर्णयात मुलाला सामील करा असे पालकांना सांगायचे आणि मुलाला घरी ठेवून यायला लावायचे, हे विसंगत आहे.

सामान आणि ते नसणारी घरे

सामानाबाबत सभा सरस, कारण दाखवता येते. एक भरलेली पाठपिशवी टेबलावर रिकामी करून पुन्हा भरून दाखवली की लांबलचक यादीपेक्षा अधिक समजते. जमिनीशी अंग टेकल्याने शरीराची उष्णता कशी निघून जाते आणि म्हणून जाड पांघरुणापेक्षा अंगाखालचा मॅट कसा महत्त्वाचा ठरतो, ओला सुती कपडा थंडीत का घातक असतो, नवे कोरे बूट का आणू नयेत, हे तिथे पाच मिनिटांत सांगून होते. पिशवी मुलानेच भरावी, हेही तिथेच सांगावे. आईने भरलेल्या पिशवीत अंधारात टॉर्च सापडत नाही.

पण ज्या घरात यातले अर्धे सामान नाही, त्या घराने हे सभेत सांगावे, अशी वेळ शाळेने येऊ देऊ नये. स्वतंत्र बोलण्यात हा प्रश्न सहज निघतो. त्याहून चांगले म्हणजे सामान उसने देण्याची सोय सर्वांसाठीच ठेवावी आणि लेखी पत्रकात तसे पहिल्याच पानावर लिहावे.

नाही म्हणण्याची मोकळीक

काही घरांना मूल पाठवायचे नसते. सभेत इतरांचा उत्साह पाहून ती घरे संमतिपत्रावर सही करतात आणि आदल्या दिवशी मूल आजारी असल्याचा निरोप येतो, किंवा काहीच न बोलता पत्रकच परत येत नाही. स्वतंत्र बोलताना कारण कळते आणि ते बरेचदा सुटण्यासारखे असते: झोपण्याची व्यवस्था मुले-मुली वेगळी आहे का, प्रार्थनेला वेळ मिळेल का, पाण्याजवळच्या उपक्रमात भाग घेण्याची सक्ती आहे का. कारण न सुटणारे असेल तर तेही आधी कळते आणि शाळेत मागे राहणाऱ्या मुलासाठी त्या दिवसांचा नीट कार्यक्रम आखता येतो.

शिक्षकांचा वेळ

दुसऱ्या मार्गाविरुद्धचा खरा आक्षेप वेळेचा आहे आणि तो गंभीर आहे. ६० मुले आणि प्रत्येकी १५ मिनिटे म्हणजे १५ तास. पाच शिक्षकांनी वाटून घेतले तर प्रत्येकी तीन तास, म्हणजे तीन आठवड्यांत दर आठवड्याला एक तास. सभा दीड तासात संपते. पण तिच्या तयारीचा आणि नंतर आठवडाभर येत राहणाऱ्या फोनांचा वेळ त्यात सहसा धरला जात नाही. १८० मुलांचे शिबिर आणि तेवढेच पाच शिक्षक असतील, तर मात्र प्रत्येक घराशी बोलणे शक्य नाही आणि तसे वचन देऊन ते अर्धवट सोडणे वाईट. अशा वेळी आरोग्यपत्रकात काही नोंद असलेली, पूर्वी कधीच घराबाहेर न राहिलेली आणि सभेला न आलेली घरे एवढ्यांशी तरी बोलावे. पत्रकात ‘मला शिक्षकांशी खासगीत बोलायचे आहे’ अशी एक चौकट छापली, तर उरलेल्यांनाही दार उघडे राहते.

सरावाच्या रात्रीविषयी पालक विचारतात. शाळेच्या सभागृहात सर्व मुलांनी एक रात्र झोपून पाहणे उपयोगी आहे, पण ते शिक्षकांसाठी आणखी एक छोटे शिबिरच ठरते. आजोळी किंवा मित्राकडे एक-दोन रात्री पालकांशिवाय राहिल्याने बहुतेक मुलांचे काम भागते, आणि ते सुचवायला बोलणे किंवा सभा यांपैकी काहीही चालते, फक्त ते महिनाभर आधी सुचवले पाहिजे.

निवड करताना

दोन्हींपैकी एकच करणे शक्य असेल आणि तुकडी लहान असेल, तर मी लेखी माहिती आणि स्वतंत्र बोलणे निवडीन. शाळेचे हे पहिलेच शिबिर असेल आणि पालकांचा शाळेवर अजून विश्वास बसलेला नसेल, तर सभा टाळू नये. तेथे शिक्षकांचे चेहरे दिसणे हीच पहिली गरज असते. दोन्ही जमत असेल, तर क्रम उलटा ठेवावा, असे मला अनुभवाने वाटते: आधी पत्रक, मग बोलणे आणि शेवटी सभा. त्या क्रमाने आलेल्या सभेत शिक्षकांना घरे माहीत झालेली असतात, खासगी प्रश्न सुटलेले असतात आणि टेबलावरच्या पाठपिशवीसाठी व घराच्या आठवणीविषयी बोलण्यासाठी पुरेसा वेळ उरतो.

सभेची तारीख आधीच कळवून झाली असेल आणि आता काही बदलता येत नसेल, तरी एक गोष्ट अजून हातात असते. आरोग्यपत्रक सभेत वाटू नये. ते आजच घरी पाठवावे, बंद पाकिटात परत मागवावे आणि सभेआधी प्रत्येक पत्रक एका शिक्षकाने शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे.