निकॉन झेड-८ : पावणेदोन वर्षांच्या वापरानंतर

२०२३ च्या दसऱ्याला मी निकॉनचा झेड-८ हा कॅमेरा विकत घेतला. त्याआधी आठ वर्षे माझ्या हातात याच कंपनीचा डी-७५० होता आणि त्याने मला कधी दगा दिला नव्हता, त्यामुळे एवढा मोठा खर्च कशासाठी करायचा, हे मला आधी स्वतःलाच पटवून द्यावे लागले. माझे काम सोलापूर परिसरात तीन ठिकाणी चालते. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, हिवाळाभर नान्नजच्या माळावरचे आणि हिप्परगा तलावावरचे पक्षी, आणि उरलेल्या दिवसांत यंत्रमागाचे कारखाने, जिथे चादरींच्या विक्रीसाठी लागणारी छायाचित्रे मी काढतो. तिन्ही ठिकाणी जुन्या कॅमेऱ्याशी माझे एकाच कारणाने बिनसत असे. नेमक्या क्षणी आतला आरसा वर जाई, डोळ्यापुढे अंधार होई आणि जे टिपायचे ते त्या अंधारातच घडून जाई. झेड-८ ने तो अंधार काढून टाकला. माझ्या मते या कॅमेऱ्याचे पैसे त्यासाठी मोजावेत, ४५.७ मेगापिक्सेलसाठी नव्हेत.

आरसा नसलेले कॅमेरे आता पुष्कळ आहेत, परंतु त्यांपैकी बहुतेकांत यांत्रिक शटर असते आणि सलग छायाचित्रे काढताना व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीत, एकतर क्षणभर काळोख होतो, किंवा नुकत्याच टिपलेल्या चौकटी एकामागून एक दिसत राहतात. मे २०२३ मध्ये जाहीर झालेल्या झेड-८ मध्ये यांत्रिक शटर मुळीच नाही. त्याचा सेन्सर ‘स्टॅक्ड’ प्रकारचा आहे, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या थराच्या पाठीमागेच माहिती वेगाने उचलणारी मंडले बसवलेली आहेत. त्यामुळे संपूर्ण चौकट सेकंदाच्या सुमारे दोनशे सत्तराव्या भागात वाचून होते. शिवाय कार्डाकडे जाणारी माहिती आणि व्ह्यूफाइंडरकडे जाणारे दृश्य यांच्या वाटा वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. याचा अर्थ असा की सेकंदाला वीस रॉ, म्हणजे कच्च्या स्वरूपातल्या, फाइली टिपल्या जात असतानाही समोरचे दृश्य डोळ्यापुढून क्षणभरही हटत नाही. वाचताना ही बाब फार मोठी वाटत नाही, पण उडणाऱ्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवताना किंवा गर्दीतला एक चेहरा धरून ठेवताना तिचे मोल कळते.

गड्ड्यातला अक्षता सोहळा हे त्याचे उत्तम उदाहरण. संमती कट्ट्याभोवती माणसांचा समुद्र असतो, वर उभे ऊन असते, बाराबंदी घातलेल्या सेवेकऱ्यांच्या हाती सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, डौलत असतात, आणि ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’ हे शब्द ध्वनिक्षेपकावरून आले की चहूकडून अक्षतांचा वर्षाव होतो. तो सगळा मिळून काही सेकंदांचा खेळ आहे. पांढरीशुभ्र बाराबंदी उन्हात जळून सपाट पांढरी दिसणे ही माझी जुनी डोकेदुखी होती. इथे छायाचित्र जसे येणार तसेच व्ह्यूफाइंडरमध्ये आधी दिसत असल्याने कपड्यांच्या चुण्या शाबूत राहतील इतका उजेड मी आधीच कमी करून ठेवू शकलो. २०२४ च्या यात्रेत टिपलेल्या एका चौकटीत एका तरुण सेवेकऱ्याचा चेहरा आहे. नंदीध्वजाच्या भाराने त्याच्या मानेची शीर फुगली आहे, नजर वर ध्वजाच्या टोकाला खिळली आहे आणि डाव्या डोळ्याच्या पापणीवर अक्षतेचा एकच दाणा येऊन टेकला आहे. त्याच्या आधीच्या चौकटीत तो दाणा हवेत आहे आणि नंतरच्या चौकटीत पापणी मिटली आहे. तो दाणा पापणीवर टेकताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. घरी आल्यावर संगणकावर मला तो शोधावा लागला नाही.

याच सोहळ्यात मागचा पडदाही फार उपयोगी पडला. अनेक कॅमेऱ्यांचे पडदे केवळ आडव्या चौकटीसाठी वरखाली होतात. झेड-८ चा पडदा कॅमेरा उभा धरला तरीही कलतो. नंदीध्वज ही मुळातच उभी वस्तू असल्याने तिचे छायाचित्रही उभेच घ्यावे लागते, आणि गर्दीत ते डोक्यावर हात उंचावून घ्यावे लागते. पूर्वी अंदाजाने शटर दाबून मी दहांपैकी सात वेळा ध्वजाचे टोक कापत असे. आता हात वर असतानाही पूर्ण चौकट खालून दिसते. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाच्या रात्री प्रकाशमान होणारी बटणेही कामी आली, एवढे सांगून मी यात्रेचा विषय थांबवतो.

नान्नजचे अभयारण्य १९७९ साली माळढोकासाठी जाहीर झाले. माळढोक तिथे आता इतका दुर्मीळ झाला आहे की त्याच्या आशेवर कोणी कॅमेरा घेऊ नये. पण ज्याला माळरान वाचता येते त्याच्यासाठी भोवत्या, चंडोल, धाविक, पखुर्डी आणि काळवीट पुरेसे आहेत. माळावरच्या छायाचित्रणाची खरी परीक्षा गवत घेते. पक्षी आणि लेन्स यांच्यामध्ये दहा पाती हलत असतात आणि फोकस त्यांच्यावर जाऊन बसतो. झेड-८ माणूस, प्राणी, वाहन आणि विमान ओळखतो, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या २.०० क्रमांकाच्या फर्मवेअरपासून, म्हणजे कॅमेऱ्यातल्या आज्ञावलीच्या नव्या आवृत्तीपासून, पक्ष्यांसाठी त्यात वेगळी सोय झाली. हे फर्मवेअर विनामूल्य मिळाले आणि माझ्या कामात त्याने पडलेला फरक नवी लेन्स घेतल्याइतका होता. तरीही संपूर्ण चौकट यंत्रावर सोपवून निर्धास्त राहणे योग्य नाही, कारण दूरच्या लहान पक्ष्यापेक्षा जवळचे पाते कोणत्याही कॅमेऱ्याला अधिक ठळक दिसते. मी फोकसचा टापू स्वतः लहान आखून घेतो आणि त्याच्या आत डोळा शोधण्याचे काम तेवढे कॅमेऱ्याला देतो. अशा रीतीने पहाटेच्या तिरप्या उजेडात धाविकाची एक जोडी मला चाळीस मिनिटे न्याहाळता आली. हा कॅमेरा पूर्णपणे नि:शब्द चालतो, आणि त्या चाळीस मिनिटांत मादीने एकदाही मान वर करून माझ्याकडे पाहिले नाही. जुन्या कॅमेऱ्याच्या पहिल्याच खटक्याला धाविक धावत सुटत, हे मी अनेकदा अनुभवले होते.

शटर दाबण्याच्या आधीचा एक सेकंद जपून ठेवण्याची सोय हा या कॅमेऱ्याचा आणखी एक मोठा गुण. भोवत्या जमिनीवरून केव्हा झेप घेईल हे माणसाला कळत नाही. बोट खाली येईपर्यंत झेप झालेली असते. या सोयीमुळे ती झेप हाती लागते. मात्र ही सोय केवळ जेपेगमध्ये मिळते, रॉमध्ये मिळत नाही, आणि साडेतीन लाखांच्या घरातील कॅमेऱ्याकडून रॉची अपेक्षा ठेवणे मला अवाजवी वाटत नाही. व्ह्यूफाइंडरही ३६.९ लाख बिंदूंचाच आहे. सोनीच्या ए-७आर-५ मध्ये तो ९४.४ लाख बिंदूंचा आहे. केवळ आकडे पाहून निवड करणाऱ्याला ही तफावत खटकेल. मला दृश्याचे सातत्य बिंदूंच्या संख्येहून महत्त्वाचे वाटले.

यंत्रमागाच्या कारखान्यात मात्र मला प्रारंभी हा कॅमेरा नव्याने शिकावा लागला. यांत्रिक शटर नसल्यामुळे दिव्यांच्या लुकलुकण्याचा परिणाम चित्रावर आडव्या पट्ट्यांच्या रूपाने उमटतो. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने जुन्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मंदावतात, हे ध्यानात ठेवून शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवले की पट्ट्या जातात. पण मागावर आडवा धागा नेणारा धोटा स्थिर दिसावा असे वाटत असेल तर इतका मंद वेग चालत नाही, आणि अलीकडे बसवलेल्या एलईडी दिव्यांची लुकलुक याहून कितीतरी जलद असते. त्यासाठी या कॅमेऱ्यात शटरचा वेग अपूर्णांकाच्याही बारीक पायऱ्यांनी बदलण्याची सोय दिली आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये पाहत चक्र हळूहळू फिरवायचे आणि पट्ट्या विरळ होऊन नाहीशा झाल्या की थांबायचे. दोन-तीन कारखान्यांत मी असे नेमके वेग शोधून वहीत लिहून ठेवले आहेत. जलद वाचनामुळे ताण्यातून धावणारा धोटा वाकडा न होता आपल्या मूळ आकारात येतो, हे विशेष नमूद करण्यासारखे आहे.

मागाजवळ सुताची बारीक कसपटे सतत तरंगत असतात. तासाभरात भुवयांवरही त्यांचा थर बसतो. लेन्स बदलताना ती आत जाणार, ही भीती मला जुन्या कॅमेऱ्यात नेहमी असे. झेड-८ बंद केला की सेन्सरपुढे एक पडदा उतरतो. त्या पडद्याला बोट लावू नये आणि त्यावर जोराने फुंकरही मारू नये, पण कसपटांपासून तो चांगला आडोसा करतो. पावणेदोन वर्षांत सेन्सर स्वच्छ करण्याची वेळ माझ्यावर एकदाच आली.

सोलापूरकराने उन्हाचा विचार केल्यावाचून कोणतेही यंत्र घेऊ नये. या कॅमेऱ्यासाठी कंपनीने दिलेली तापमानाची वरची मर्यादा ४० अंश सेल्सिअस आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे सावलीतही पारा ती ओलांडतो. ८के चित्रीकरण सलग ९० मिनिटे चालते असे कंपनी सांगते, पण तो आकडा २५ अंशांवरचा आहे. म्हणून उन्हाळ्यात मी सकाळी दहापूर्वी आणि सायंकाळी पाचनंतरच काम घेतो, मधल्या वेळी कॅमेरा पांढऱ्या सुती पंच्यात गुंडाळून सावलीत ठेवतो आणि उभ्या असलेल्या मोटारीत तो कधीही सोडत नाही. एवढे पथ्य पाळल्यावर दोन्ही उन्हाळे सुरळीत गेले.

बॅटरीच्या बाबतीत डी-७५० वापरणाऱ्याला मन घट्ट करावे लागेल. त्याच्या एका बॅटरीवर प्रमाणित मोजणीनुसार १२३० छायाचित्रे निघत. झेड-८ साठी तो आकडा सुमारे ३३० आहे. सलग चौकटी टिपताना प्रत्यक्षात याहून खूप अधिक निघतात, कारण खर्च शटरचा नसून पडदा आणि सेन्सर चालू राहण्याचा असतो. तरी दिवसभराच्या कामाला तीन बॅटऱ्या सोबत हव्यातच. यूएसबी-सीवरून चार्ज करता येतो आणि चार्जिंगसाठी व माहितीसाठी दोन वेगळी छिद्रे आहेत, ही दिलाशाची बाब. बॅटरी आणि कार्डासह वजन ९१० ग्रॅम आहे. त्यावर १८०-६०० मिलिमीटरची लेन्स चढवली की हातातले ओझे तीन किलोच्या आसपास जाते. ज्यांना हलका कॅमेरा हवा म्हणून आरसा नसलेला कॅमेरा घ्यायचा आहे, त्यांनी हा घेऊ नये.

आता पैशांविषयी. भारतात हा कॅमेरा ३,४३,९९५ रुपयांना आला. मी विचारपूस करत असताना एका बाहेरगावच्या दुकानदाराने बराच कमी भाव सांगितला, पण वस्तू परदेशातून परस्पर आणलेली होती आणि पक्के बिल मिळणार नव्हते. अशा वस्तूला भारतातील हमी लागू होत नाही, हे मी आधीच माहीत करून घेतले होते म्हणून वाचलो. कार्डाच्या बाबतीत मात्र चूक केली. कॅमेऱ्यात एक खाच सीएफएक्सप्रेस टाइप-बी कार्डासाठी आणि दुसरी एसडी कार्डासाठी आहे. मी एक स्वस्त सीएफएक्सप्रेस कार्ड घेतले आणि एका लग्नात सप्तपदी चालू असताना ते वाचेनासे झाले. दुसऱ्या खाचेत प्रती उतरत होत्या, त्यामुळे त्या कुटुंबाचे नुकसान झाले नाही, पण तो अर्धा तास मी विसरलेलो नाही. बॉडीच्या किमतीइतकीच रक्कम लेन्स, चांगली कार्डे, बॅटऱ्या आणि साठवणीसाठी बाजूला काढता येत नसेल, तर खरेदी वर्षभर पुढे ढकलावी. तोटाविरहित रॉची एक फाइल साधारण पन्नास मेगाबाइटची होते, म्हणजे वीसच्या वेगाने सेकंदाला जवळजवळ एक गिगाबाइट. अधिक दाबलेली ‘हाय एफिशियन्सी स्टार’ फाइल त्याहून बरीच लहान असते. अनेक महिने दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर मला फरक सापडला नाही, म्हणून आता मी तीच वापरतो.

मेगापिक्सेलसाठी हा कॅमेरा घेऊ नये असे मी वर म्हटले, आणि बहुतेकांसाठी ते खरेच आहे. ८२५६ गुणिले ५५०४ बिंदूंचे चित्र इंचाला ३०० बिंदूंच्या हिशेबाने साडेसत्तावीस इंच रुंद छापता येते, आणि एवढे मोठे चित्र फारसे कोणी छापत नाही. मी एकदाच छापले. एका कारखान्यात जकार्डवर मोराच्या नक्षीची चादर विणली जात असताना काढलेले ते चित्र मी तिथल्या सर्वांत जुन्या विणकराला भेट द्यायला घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसून चित्र खिडकीजवळ नेले, मोराच्या गळ्यापासून खाली बोट सरकवत आणले आणि एका जागी थांबून म्हणाले, “सर, इथं ताण्याचा एक धागा तुटलाय बघा. त्या दिवशी आम्हाला हे दिसलं नव्हतं.” मी “कुठं, अण्णा?” म्हणून वाकून पाहिले. खरोखरच तिथे एका धाग्याएवढी, केसासारखी रेघ रिकामी होती.