वही की यंत्र? केळीच्या गाडीवर चालकाचे तास कशात मोजायचे

जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-रावेरची केळी दिल्लीला नेणाऱ्या दोन-चार गाड्या ज्याच्या आहेत, त्याने चालकाचे तास वहीत लिहावेत की इंजिनाला जोडलेलं इलेक्ट्रॉनिक यंत्र घ्यावं? आपल्याकडे ट्रकला हे यंत्र सक्तीचं नाही. त्यामुळे जो तो आपल्या सोयीचं ठरवतो.

आधी तासांचा हिशेब करू. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात (२०२५मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) दिवसाला ८ तास काम, लांबच्या पल्ल्याला मंजुरी घेऊन फार तर १०, अशी मर्यादा होती. दर ५ तासांमागे किमान अर्धा तास विश्रांतीही होती. तोच हिशेब धरू. दिल्ली हजार किलोमीटरच्या पुढे. ताशी ४५ची सरासरी धरली तरी २२-२३ तास स्टिअरिंगवर, म्हणजे एकटा चालक तिसऱ्या दिवशीच पोचणार. लवकर पोचायला तो न झोपता चालवत राहिला, तर वहीत हे झाकलं जातं. "रात्री ११ ते ५ झोपलो" असं सकाळी ढाब्यावर बसून लिहिता येतं, आणि मालकही ते खुशाल मान्य करतो. यंत्र मात्र इंजिन कधी सुरू झालं, गाडी किती चालली, हे स्वतःच टिपतं.

चालकाच्या दृष्टीने मला यातच मोठा फायदा वाटतो. "भाऊ, झोप ई ऱ्हायनी" (झोप येतेय) म्हणणाऱ्याला व्यापाऱ्याचा एक फोन गप्प करतो. गाडी ९ तास चालल्याची नोंद समोर असली की त्याला आळशी म्हणता येत नाही. बागेत घड कापून भराई होईपर्यंत गाडी ताटकळते, तो वेळही चालकाने 'कामावर, गाडी उभी' असा नोंदवला तर थांबण्याचे पैसे मागायला आधार होतो.

पण अमेरिकेचा अनुभव नीट पाहा. तिथे डिसेंबर २०१७पासून सक्ती आहे. कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत फार तर ११ तास गाडी चालवायची. भराईत वेळ गेला तरी ते १४ तास सरतच राहतात. संशोधकांना आढळलं की तासांचे नियम मोडणं कमी झालं, पण छोट्या वाहतूकदारांचे अपघात घटले नाहीत, उलट वेगमर्यादा मोडण्याचे प्रकार वाढले. उरलेल्या वेळात माल पोचवायची घाई. हेच मला सगळ्यात जास्त खुपतं.

खर्च दोन्हीकडे सारखा नाहीच. वही दहा-वीस रुपयांत येते, यंत्राला खरेदीचे पैसे आणि बहुधा वर्षाची फीही. साध्या जीपीएसला हे यंत्र समजू नका. गाडी कुठे आहे ते जीपीएस सांगतं, चालवत कोण होतं ते नाही. दोन चालक असतील तर दोघांचं लॉगिन वेगळं हवं.

मालक स्वतःच चालवत असेल, किंवा जळगाव-धुळे अशा दिवसात परतायच्या फेऱ्या असतील, तर वही पुरे, फक्त खरी लिहा. दिल्लीच्या गाडीला यंत्र घ्या, पण जोडीला दुसरा चालक द्या, नोंद चालकालाही बघू द्या आणि भाडं ठरवतानाच व्यापाऱ्याशी पोचायची वेळ विश्रांती धरून बोला. एकट्या चालकाला "परवा पहाटे मंडीत" हाच हुकूम राहणार असेल, तर यंत्र घेऊ नका.